प्लेगच्या बिळाचा माग

कझाकस्तानात इली नदी बाल्खाश सरोवराला मिळते. तिच्या मुखाच्या आसपास लव्हाळ्याचा हिरवा पट्टा आहे. तो ओलांडला की वाळू, खारट माती आणि सॅक्सॉलची वाकडीतिकडी झुडपं, एवढंच. या उजाड मुलखात जमिनीवर ठिकठिकाणी फिकट, गोल चट्टे दिसतात. एकेक चट्टा दहापासून तीस-चाळीस मीटरपर्यंत रुंद असतो. त्यावर गवताची काडी नाही, पण तोंडं शेकड्यानं. खाली बोगद्यांचं जाळं, अन्नाची कोठारं, पिल्लांच्या खोल्या. हे मोठा जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याचं घर. शास्त्रीय नाव ऱ्होम्बोमिस ओपिमस. आकारानं घुशीहून लहान, रंगानं वाळूसारखा, शेपटीला केसांचा गोंडा. बहुतेक जर्बिल रात्री हिंडतात, हा दिवसाउजेडी वावरतो. एक नर, एकदोन माद्या आणि त्यांची पोरं असं एक कुटुंब एका बिळात राहतं. धोका दिसला की शिट्टी घालतो, मागचे पाय जमिनीवर आपटतो आणि क्षणात सगळा चट्टा रिकामा होतो. ही बिळं पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. कुटुंब मरून जातं, बीळ ओस पडतं, काही वर्षांनी दुसरं कुटुंब त्यात येऊन राहतं.

१९४९ पासून पुढे सुमारे साडेचार दशकं, वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, सोव्हिएत प्लेगविरोधी केंद्रांची माणसं या बिळांपाशी येत राहिली. काम कष्टाचं आणि कंटाळवाणं. सगळा मुलूख सुमारे दहा किलोमीटर बाजूच्या चौकोनांत आखलेला. प्रत्येक चौकोनात बिळं मोजायची. त्यांतली भरलेली किती, ओस किती ते पाहायचं. ताज्या लेंड्या, नुकत्याच कुरतडलेल्या हिरव्या काड्या, वाळूवरची पावलं या खुणा असल्या तर बीळ भरलेलं. मग पिंजरे लावायचे, धरलेल्या जनावराच्या अंगावरच्या पिसवा विंचरून गोळा करायच्या, त्यांच्या जाती ओळखायच्या, मोजायच्या, आणि जनावराच्या यकृताचा-प्लीहेचा अंश प्रयोगशाळेत वाढवून पाहायचा. शोधायचं काय, तर प्लेगचा जंतू.

प्लेग म्हटलं की मराठी मनात वाळवंट येत नाही. येते ती मुंबईची मांडवी, चाळी, गोदामं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे रोगी ओळखले आणि हा प्लेग आहे असं जाहीर केलं. पुढचं आपल्याला पाठ आहे: पुण्यातला रँड, चाफेकर, रोग्यांची सेवा करताना मार्च १८९७ मध्ये गेलेल्या सावित्रीबाई. खेड्यांत उंदीर पडायला लागले की माणसं घरं सोडून रानात झोपड्या घालून राहायची. पुढच्या पन्नासेक वर्षांत भारतात या रोगानं एक कोटीहून जास्त माणसं नेली. हाँगकाँगहून जहाजानं आला, बंदरात उतरला, असं आपण शिकतो, आणि ते खरंच आहे. पण हाँगकाँगला तो चीनमधल्या युनानमधून आला, आणि युनानमध्ये कुठून, हा प्रश्न उरतोच. त्या प्रश्नाचा माग काढत गेलं की रस्ता बिळापाशी जातो. आणि तो माग काढणारी बरीचशी माणसं मुंबईतून गेली होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

१८९७ साली मुंबई ही जंतुशास्त्राची जगातली सर्वांत मोठी शाळा झाली होती. जानेवारीत भायखळ्याला हाफकिन यांनी आपली प्लेगवरची लस स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. जर्मन, ऑस्ट्रियन, फ्रेंच, रशियन, सगळ्यांची पथकं इथे होती. पाश्चर संस्थेकडून आलेले पॉल-लुई सिमों रोग्यांच्या अंगावरचे बारीक फोड पाहत होते आणि त्यांना ते पिसवा चावल्याच्या जागा वाटत होत्या. जून १८९८ मध्ये, तेव्हा मुंबई इलाख्यातच असलेल्या कराचीत, त्यांनी तो प्रसिद्ध प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत तळाशी वाळू, त्यात पिसवांसकट एक आजारी उंदीर. तो मरायला टेकल्यावर वर टांगलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. काही दिवसांत वरचाही मेला. लोकांनी मात्र सिमोंवर विश्वास ठेवला नाही. त्याला आणखी सातआठ वर्षं जावी लागली, आणि तो विश्वास मुंबईतच बसला. ग्लेन लिस्टन यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडले आणि त्यांच्या अंगावर उंदराच्या पिसवा गोळा झाल्याचं दाखवलं. 'प्लेग, उंदीर आणि पिसवा' या विषयावरचा त्यांचा लेख १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. वैद्यकाच्या नव्हे, निसर्गअभ्यासकांच्या नियतकालिकात. मला यात मोठं औचित्य दिसतं.

मुंबईतली ती पिसू कोण होती? झेनॉप्सिला किओपिस. चार्ल्स रॉथशिल्ड यांनी १९०३ मध्ये तिचं वर्णन केलं ते सुदानमध्ये, नाईलकाठच्या शेंदी गावाजवळ गोळा केलेल्या नमुन्यांवरून. नाव दिलं पिरॅमिड बांधणाऱ्या किओप्स राजाचं. झेनॉप्सिला या प्रजातीतल्या कितीतरी जाती आफ्रिका-आशियाच्या कोरड्या प्रदेशांतल्या जर्बिलांच्या अंगावर राहतात. म्हणजे चाळीतल्या उंदराच्या पाठीवरची पिसूसुद्धा रुक्ष मुलखातल्या खानदानाची. बाल्खाशच्या बिळांत तिच्या चुलतबहिणीच भेटतात.

रशियन पथकात व्लादिमिर विसोकोविच यांच्याबरोबर एक तिशीतला युक्रेनी डॉक्टर होता, दानिलो झाबोलोत्नी. गाठीचा प्लेग आणि फुप्फुसाचा प्लेग एकाच जंतूमुळे होतात हे त्यानं मुंबईत माकडांवर प्रयोग करून पडताळलं. इतरांनी मुंबईत हाच प्रश्न धरला होता की रोग एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातो. झाबोलोत्नी दुसऱ्याच प्रश्नानं पछाडला: साथ नसते तेव्हा हा रोग राहतो कुठे? पुढच्याच वर्षी तो पूर्व मंगोलियात गेला. तिथे गावोगाव तुरळक प्लेग होत होता. ना बंदर, ना गोदाम, ना दाट वस्ती. लोक बोट दाखवत होते ते तार्बागानकडे, म्हणजे गवताळ माळावर बिळं करून राहणाऱ्या जाड्या मार्मोटकडे. झाबोलोत्नीला ते पटलं, आणि त्यानं ते १८९९ पासून लिहायला सुरुवात केली, पण हाती पुरावा नव्हता.

पुरावा आला तो फार मोठी किंमत घेऊन. १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगनं सुमारे साठ हजार माणसं मेली. तार्बागानच्या कातड्याला भाव आला होता आणि हजारो नवखे शिकारी रानात उतरले होते. जुने मंगोल शिकारी सुस्त, लंगडणाऱ्या तार्बागानला हात लावत नसत, असं त्या काळच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय. नवख्यांना हे सांगणारं कोणी नव्हतं. डॉ. वू लिएन-ते यांनी ती साथ आवरली. एप्रिल १९११ मध्ये मुकदेनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच वर्षी झाबोलोत्नीच्या पथकातल्या इसायेव या विद्यार्थ्यानं माळावर धडपडणारा एक आजारी तार्बागान पकडला आणि त्याच्या शरीरातून प्लेगचा जंतू निघाला. रानातलं जनावर, रानातला जंतू.

पुढच्या वर्षी व्होल्गाच्या पूर्वेच्या गवताळ प्रदेशात इप्पोलित देमिन्स्की या डॉक्टरनं सुस्लिक या जमिनीत राहणाऱ्या खारीतून तोच जंतू वेगळा केला. काम करताना त्याला स्वतःलाच लागण झाली. त्यानं आपल्या वरिष्ठांना तार केली: जंतू घेऊन जा, नोंदी नीट ठेवल्या आहेत, आणि माझ्या देहाचं विच्छेदन सुस्लिकपासून माणसाला झालेल्या लागणीचा नमुना म्हणून करा. त्याची साहाय्यक क्रासिल्निकोवा हीही याच कामात गेली. प्लेगच्या रानातल्या घराचा पत्ता असा लागला.

१९१८ मध्ये सारातोवला 'मिक्रोब' ही जंतुशास्त्राची संस्था उभी राहिली, आणि तिच्यामागोमाग सबंध सोव्हिएत मुलखात प्लेगविरोधी केंद्रांचं जाळं पसरलं. १९३९ मध्ये येवगेनी पावलोव्हस्की यांनी या सगळ्याला एक सिद्धांत दिला: काही रोगांची रानात आपली स्वतःची जागा असते. तिथे जंतू, त्याला वाहणारा कीटक आणि त्याला पोसणारं जनावर असं त्रिकूट माणसावाचून युगानुयुगं नांदतं. माणूस त्या जागेत शिरला तरच आजारी पडतो. लागलीच १९४१ मध्ये लातिशेव्ह आणि क्र्युकोवा यांनी तुर्कमेनिस्तानात दाखवलं की त्वचेवर व्रण पाडणारा लिश्मानियासिस मोठ्या जर्बिलाच्या बिळात राहतो. दिवसा थंड, दमट बिळात वाळूमाश्या दडून असतात आणि रात्री बाहेर येऊन चावतात. एकच बीळ, दोन निराळे रोग.

वाळवंटात बीळ ही जागाच विलक्षण आहे. वर उन्हाळ्यात चाळीस अंश, हिवाळ्यात शून्याच्या कितीतरी खाली. आत मात्र तापमान फारसं हलत नाही आणि हवेत ओल टिकते. प्लेगच्या जंतूला नेमकं हेच हवं असतं. त्याचं कारण बॅकॉट आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये उलगडलं, आणि चार्ल्स मार्टिन हेही मुंबईच्या प्लेग आयोगावर काम करून गेलेले. जंतू पिसवेच्या जठराच्या तोंडाशी चिकट गोळा करून बसतो. वाट बंद होते. भुकेली पिसू पुन्हापुन्हा चावते, रक्त आत जात नाही, उलटून जखमेत पडतं आणि त्याबरोबर जंतू. पण सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वर हा गोळा टिकत नाही, विरघळतो. आपल्याकडे कडक उन्हाळ्यात प्लेग ओसरायचा त्यामागचं हे एक मोठं कारण. असा बोळा न बसताही सुरुवातीच्या काही दिवसांत पिसू रोग देऊ शकते, हे अलीकडे कळलंय. पण वाळवंटातल्या वसंतात, बिळाच्या गारव्यात, बोळ्याला पूर्ण वाव मिळतो.

आणि ज्याच्या अंगावर ही पिसू आहे तो जर्बिल लगेच मरत नाही. घरातले उंदीर पटापट मरतात, म्हणून तर आपल्या आजी-आजोबांना उंदीर पडणं ही धोक्याची खूण होती. मोठे जर्बिल मात्र लागण झाली तरी बरेचसे तगतात, आठदहा दिवस जंतू वाहतात आणि पुढे अंगात प्रतिकार घेऊन जगतात. रोगाला असाच यजमान लागतो. मार्सेल बाल्ताझार यांनी तेहरानच्या पाश्चर संस्थेतून इराणच्या कुर्दिस्तानात वर्षानुवर्षं काम करून हेच दाखवलं: एकाच माळावर काही जातींचे जर्बिल प्लेगनं झटक्यात मरतात आणि काही जाती तग धरतात. मरणाऱ्यांमुळे साथ दिसते, तगणाऱ्यांमुळे रोग टिकतो. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं हे सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण आहे. प्लेगला आपण मृत्यूवरून ओळखतो. त्याचं आयुष्य मात्र न मरणाऱ्यांच्या जोरावर चालतं.

बाल्ताझार तिथेच थांबले नाहीत. ते आणि त्यांचे सहकारी बहमन्यार उत्तर प्रदेशात आले, आणि १९६० मध्ये त्यांनी मांडलं की भारतातही प्लेगचं रानातलं घर जर्बिलाच्याच बिळात आहे. आपल्या शेताच्या बांधावर बीळ करणारा, लांब शेपटीचा, उड्या मारत पळणारा टाटेरा इंडिका. तो घरात येत नाही. शेतात घुशी आणि इतर उंदीर त्याच्या बिळाच्या आसपास वावरतात, त्याच्या पिसवा त्यांच्या अंगावर चढतात आणि तिथून गावात येतात. हा जर्बिल महाराष्ट्राच्या कोरडवाहू शेतांतही सर्रास आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठींचा प्लेग झाला तेव्हा हाच तर्क मांडला गेला: आदल्या सप्टेंबरच्या भूकंपानंतर माणसं घरं सोडून राहिली, धान्य आत तसंच राहिलं, उंदीर माजले, आणि रानातला धागा घराला जोडला गेला. भारतात १९६६ नंतर प्लेग दिसलेला नव्हता. तो संपला, असं सगळे धरून चालले होते.

सोव्हिएत अधिकाऱ्यांनाही एके काळी असंच वाटलं होतं. बिळांत झिंक फॉस्फाइडचं आमिष, डीडीटीची भुकटी, हजारो चौरस किलोमीटरवर मोहिमा. सुस्लिक मारून मारून संपवले तिथे काही वर्षं प्लेग दिसला नाही; मग तो परत आला. बाल्खाशच्या वाळवंटात तर चट्ट्यांची संख्याच एवढी की सगळी बिळं संपवणं माणसाच्या आवाक्यात नव्हतं. पण त्या मोहिमांचा एक ऐवज मागे राहिला: दर वसंताच्या, दर शरदाच्या नोंदी. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला, पैसा आटला, केंद्रांचं काम रोडावलं. १९९५ च्या सुमारास ही लांबलचक मालिका थांबते.

त्या नोंदींची वही पुढे नॉर्वे, बेल्जियम, ब्रिटन आणि कझाकस्तानच्या संशोधकांनी मिळून उघडली, आणि इथे मुंबई पुन्हा येते. १९२७ मध्ये विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी साथींचं गणित मांडलं. मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये अनेक वर्षं काढलेले. त्यांच्या सिद्धांताचा गाभा असा की लागण होऊ शकणाऱ्यांची दाटी एका उंबरठ्याच्या वर गेल्याशिवाय साथ पेटतच नाही. हे गणित त्यांनी कशावर ताडून पाहिलं? डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधल्या मुंबई बेटावरच्या प्लेगच्या मृत्यूंवर, आठवड्या-आठवड्याच्या आकड्यांवर. पुढे गणितज्ञांनी त्यावर रास्त आक्षेप घेतला की त्यात ऋतूचा, तापमानाचा हिशेबच नव्हता. तरी उंबरठ्याची कल्पना टिकली. आज कुठल्याही साथीबद्दल बोलताना आपण तीच वापरतो.

पण रानात, जिवंत प्राण्यांच्या नोंदींत असा उंबरठा खरोखर दिसतो का? २००४ मध्ये स्टीफन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी बाल्खाशच्या नोंदींवरून उत्तर दिलं: दिसतो. एकूण बिळांपैकी सुमारे एक तृतीयांश भरलेली असली तर प्लेग येऊ शकतो. त्याखाली गेली तर तो विझतो. आणि तो लगेच येत नाही. बिळं भरल्यावर साधारण दोन वर्षांनी येतो. म्हणजे बिळं मोजणाऱ्या माणसाला दोन वर्षं आधी इशारा मिळू शकतो.

२००८ मध्ये याच गटानं आणखी खोलात जाऊन दाखवलं की एका बिळात किती जर्बिल आहेत यापेक्षा शेजारची किती बिळं भरलेली आहेत हे जास्त महत्त्वाचं. पिसवा दूर जात नाहीत. त्या शेजारच्या बिळात जाणाऱ्या जर्बिलाच्या अंगावरून जातात. भरलेली बिळं विरळ असतील तर रोगाची साखळी दोनचार बिळांनंतर तुटते. ती जवळजवळ आली की एक क्षण असा येतो की मुलखाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत वाट अखंड जोडली जाते. दगडाच्या भेगांतून पाणी कसं झिरपतं याचं जे गणित मांडलं गेलं, तेच इथे लागू पडतं. म्हणून वाळवंट वर्षानुवर्षं शांत असतं आणि मग अचानक सगळीकडे प्लेग असतो.

ऋतूचा राहिलेला हिशेबही याच नोंदींनी पुरा केला. नील्स स्टेन्सेथ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलं की वसंतातलं तापमान एका अंशानं वाढलं तर जर्बिलांमधल्या प्लेगचं प्रमाण निम्म्याहून अधिक वाढू शकतं. थंडी लवकर सरली की पिसवा लवकर जाग्या होतात. उन्हाळा ओलसर असेल तर त्या जास्त जगतात. वाळवंटात पाऊस बरा झाला की गवत, गवत वाढलं की जर्बिल, जर्बिल वाढले की पिसवा, आणि दोन वर्षांनी रोग.

मग तो माणसापर्यंत कसा येतो? बहुधा एका मधल्या जनावरामार्फत, आणि मध्य आशियात ते जनावर पुष्कळदा उंट. उंट बिळांच्या चट्ट्यांवर बसतो, त्याला पिसवा चावतात, तो आजारी पडतो. मालक वाया जाऊ नये म्हणून त्याला कापतो, आणि सोलणारा, मांस वाटणारा, खाणारा अशी लागण होते. मामलाच्याच वर्षी, १९९४ मध्ये, सौदी अरेबियाच्या वायव्येला उंटाचं कच्चं यकृत खाल्ल्यानं काही माणसांना घशाचा प्लेग झाला होता. कझाक गावांत आजारी उंट कापू नका हे सांगत फिरणं हे प्लेगविरोधी केंद्रांच्या माणसांचं बिळं मोजण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. उपचार आज हातात आहेत. वेळेत प्रतिजैविकं मिळाली तर गाठीचा प्लेग बरा होतो. अडतं ते वेळेत ओळखण्यात, कारण दूरच्या गावातल्या डॉक्टरनं आयुष्यात प्लेग पाहिलेला नसतो.

माग आणखी मागेही जातो. २०२२ मध्ये किर्गिझस्तानातल्या चू खोऱ्यातल्या एका जुन्या दफनभूमीतल्या सांगाड्यांच्या दातांतून प्लेगच्या जंतूचा डीएनए मिळाला. थडग्यांवर १३३८-३९ ही वर्षं कोरलेली होती आणि काहींवर मृत्यूचं कारण साथ असं सिरियाक भाषेत लिहिलेलं. युरोपातल्या काळ्या मृत्यूच्या जंतूचा हा थेट पूर्वज. त्याचे आजचे सर्वांत जवळचे नातलग तिएन शान पर्वतातल्या मार्मोटांत सापडतात, बाल्खाशच्या वाळवंटापासून फार लांब नाही.

आता ते गोल चट्टे उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसतात. हजारो बिळं संगणकावर मोजता येतात, पण बीळ भरलेलं आहे की ओस, हे मात्र अजून जमिनीवर जाऊन, ताज्या लेंड्या आणि कुरतडलेल्या काड्या पाहूनच ठरवावं लागतं. आणि शांत वर्षांत, एक तृतीयांशाच्या कितीतरी खाली बिळं गेलेली असताना, जंतू नेमका कुठे दबा धरतो यावर अजून वाद आहे: वर्ष-वर्ष बिळात उपाशी जगणाऱ्या पिसवेत, की बिळाच्या मातीत, की मातीतल्या अमीबाच्या पोटात. त्याचं उत्तर मिळायचं तर दर वसंतात आणि दर शरदात कोणीतरी त्या बिळांपाशी जात राहिलं पाहिजे, आणि त्यासाठी पैसा लागतो, जो साथ नसताना कोणी द्यायला तयार नसतं.